सकाळच्या चहाची मानता

चहाची निंदा करण्यासाठी मला पगार मिळत होता आणि ती निंदा मी चहा पीत पीत करत होते. यात कुणाला ढोंग वाटत असेल तर त्याने डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर एक दिवस फिरून यावं. चहा न पिता परत आला, तर मी हा लेख मागे घेते.

माझ्या हुद्द्याचं नाव आहार समुपदेशक. नाव भारदस्त, काम साधं. आधी बरीच वर्षं मी इस्पितळातल्या रोग्यांच्या ताटात काय वाढायचं ते ठरवत असे. रोगी गरीब बिचारा, समोर येईल ते गिळतो. पालघर जिल्हा नवा झाला त्या वर्षी, म्हणजे २०१४ साली, एका संस्थेने मला पाड्यांवरच्या कामासाठी घेतलं, तेव्हा कळलं की धडधाकट माणसाला खाण्याबद्दल सांगणं ही वेगळीच गोष्ट आहे. तो तुमचं सगळं ऐकून घेतो, मान डोलावतो आणि आपल्याला हवं तेच खातो.

दात न आलेल्या बाळापासून दात पडलेल्या आजोबांपर्यंत सगळी माझी गिऱ्हाइकं. पिशवीत वजनकाटा, लहान मुलांच्या दंडाचा घेर मोजायची पट्टी आणि एक चित्रांचा तक्ता. तक्त्यावर फुलाफुलांची साडी नेसलेली एक गोरीपान बाई दुधाचा पेला हातात धरून हसत उभी होती. कैनाडच्या एका म्हातारीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, "हिला घरात काम नाय काय?" त्या दिवसापासून तो तक्ता मी अंगणात बसायला अंथरायला घ्यायचे. प्लास्टिकचा असल्यामुळे त्या कामाला उत्तम होता.

खरं सांगायचं तर शिकवण्यासारखं फार नव्हतंच. नागलीची भाकरी, तुरीचं वरण, शेवग्याचा पाला, बाजारात मिळणारा सुका जवळा, पावसाळ्यातल्या रानभाज्या, घरच्या कोंबडीचं अंडं. यातल्या कशालाही नाव ठेवायला जागा नाही. मी सांगायचे ते इतकंच की अंडं विकून मुलाला पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा आणू नका, बाळ सहा महिन्यांचं झालं की मऊ भात कालवून भरवा आणि घरच्या बाईने सगळ्यांच्या शेवटी, उरेल ते खाऊ नये. आणि चौथी गोष्ट म्हणजे चहा.

इथला चहा कोरा. भरपूर साखर, भरपूर पत्ती, आणि पातेलं सकाळपासून चुलीवर. म्हाताऱ्यांना चहा, बाळंतिणीला चहा, रडणाऱ्या पोराच्या तोंडात चहात बुडवलेलं बेकरीचं कडक बटर. वेवजीचे एक आजोबा तर भाकरीसुद्धा चहात बुडवून खायचे. मी म्हटलं, बाबा, चहात कशाला, आमटीत बुडवा. ते म्हणाले, "आमटी कोन करतं ते तरी बघ आधी." आतून त्यांच्या बायकोचा जो आवाज आला तो मी इथे लिहीत नाही. पण पुढच्या खेपेला आजोबा आमटीत भाकरी कुस्करून खात होते आणि आजी विजयी मुद्रेने वाढत होती.

चहाशी माझं वैर का, ते थोडक्यात सांगते. आपल्या अंगात रक्त तयार व्हायला लोह लागतं. ते पालेभाजीतून, नागलीतून, मासळीतून किंवा सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळीतून मिळतं. पण त्याच वेळी पोटात चहा गेला, की तो त्या लोहाला दारातच अडवून धरतो. लिंबू, आवळा, पेरू ही मंडळी मात्र लोहाला हात धरून आत नेतात. म्हणून चहा प्या, पण जेवणापासून तास-दीड तास लांब. बस, एवढंच शास्त्र.

सुरुवातीला मी हे शास्त्र जरा जास्तच मनावर घेतलं. नवी नोकरी, नवा उत्साह. रानशेतच्या एका पाड्यावर जानकी आजीकडे पहिल्यांदा गेले, तेव्हा तिने न विचारता कप पुढे केला. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "नको, मी चहा घेत नाही." हे धडधडीत खोटं होतं. सकाळी नवऱ्याच्या हातचे आल्याचे दोन कप प्यायल्याशिवाय माझे डोळे उघडत नसत.

आजीचा हात तसाच राहिला. मग तिने हळूच विचारलं, "आमच्या घरचा चालं नाय काय तुला?"

तिथल्या बोलीत सगळ्यांना 'तू'च म्हणतात, मोठा साहेब आला तरी 'तू'. त्यामुळे त्या 'तू'मध्ये उद्धटपणा नव्हता. पण त्या प्रश्नात काय होतं ते मला कळलं. माझ्यासारख्या गावातून येणाऱ्या बायका पाड्यावरच्या आदिवासी घरचं पाणीसुद्धा का घेत नाहीत, हे तिने जन्मभर पाहिलेलं होतं. मला इतकी लाज वाटली की तो कढत कप मी जवळजवळ एका दमात संपवला आणि जीभ भाजून घेतली. आजी खूश झाली. दुसरा कप ओतला. तोही प्यायले.

त्या दिवसानंतर मी कुठल्याही घरी चहाला नाही म्हटलं नाही. प्यायचा आणि कप खाली ठेवता ठेवता सांगायचं, की बायांनो, जेवणाबरोबर मात्र हा घेऊ नका. बाया एकमेकींकडे बघून हसायच्या. मला 'चावाली बाय' असं नाव पडलं, आणि त्यात माझा काही मान होता असं वाटत नाही.

जानकी आजीने मात्र माझं ऐकलं. भाकरीबरोबरचा चहा तिने घरात खरोखर बंद केला. "तू बोललीस ना," म्हणाली. मी हे सगळ्यांना अभिमानाने सांगत फिरले. पुढे हाच अभिमान महागात पडायचा होता.

आजीची नात मनीषा. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा आश्रमशाळेत शिकत होती. २०१६ मध्ये बारावी पास होऊन घरी आली ती एकच गोष्ट डोक्यात घेऊन: पोलीस भरती. उजाडायच्या आत उठून डांबरी रस्त्यावर धावायची. आजीला त्याचं मोठं कौतुक. बापाला तितकं नव्हतं. आई-बाप दोघं दरवर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे, आणि मोठी झालेली मुलगी घरी बसवून ठेवणं त्याला पटत नव्हतं. माणूस वाईट नव्हता. मला सरळ म्हणाला, "ताई, ही धावते तरी कुठं? अर्ध्यात जाऊन बसते. दिवालीपरयंत बघतो. नायतर चल बोलंन आमच्यासंगती."

तो म्हणत होता ते खरं होतं. मनीषा धावायला लागायची झकास, आणि मग पाय लटपटून रस्त्याच्या कडेला बसायची. डोळ्यांपुढे अंधारी. गावातली आशा कार्यकर्ती सविता, म्हणजे आमच्या कामातला उजवा हात, तिला उपकेंद्रात घेऊन गेली. बोट टोचून रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन जेमतेम आठ, हवं बारा. डॉक्टरांनी जंताची गोळी दिली, लाल गोळ्या दिल्या, आणि रक्त वाढेपर्यंत धावणं बंद, फक्त चालायचं, असं बजावलं. मी खाण्याचं सगळं सांगितलं. जवळा, पाला, मोड आलेले वाल, अंडं. आजीने एकेक गोष्ट मनापासून केली. गावठी कोंबडीची अंडी विकणंसुद्धा बंद.

पाऊस निम्मा सरला तरी रक्त जागच्या जागी. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घेत नाही ही मुलगी. तसं पुष्कळदा होतं. गोळीने मळमळतं, मग ती कोंबड्यांच्या पुढ्यात जाते. मनीषा रडकुंडीला आली. "ताई, आयशपथ रोज घेते." सविता म्हणाली, "पाकिटं रिकामी होतात, मी बघतेय." मी तिला पुनःपुन्हा विचारलं, काल दिवसभरात काय काय खाल्लंस? हा आमच्या धंद्यातला नेहमीचा प्रश्न. ती सगळं बरोबर सांगायची. मला काही सुधरेना.

शेवटी एकदा मी पहिली एसटी पकडून सकाळी सकाळी रानशेतला गेले. म्हटलं, विचारून झालं, आता डोळ्यांनी बघू.

मनीषा चालून आली होती. आजी चुलीपाशी. मला बघून तिने पाट दिला, मग आपल्या कामाला लागली. फडताळातून गोळी काढली, नातीच्या तळहातावर ठेवली, आणि पातेल्यातून मोठा पेला भरून दिला. चहा. डांबरासारखा काळा.

"आजी!" मी ओरडलेच. "चहा? गोळीबरोबर?"

आजीने माझ्याकडे असं पाहिलं, की हिला झालं काय. "जेवणाबरबर नको बोललीस ना तू? नाय देत. भाकरीबरबर पाणी देते. ही तर गोळी हाय. गोळी म्हंजे काय जेवण हाय?"

तिने पुढे सांगितलं, "गोळी गरम पडते, वास येतो. चा असला का बेस उतरते. आन पोर धावं म्हणून हिच्या चात मी पत्ती जास्त टाकते."

म्हणजे घरातल्या सगळ्या जेवणांतून निघालेला चहा, माझ्याच सांगण्यावरून निघालेला, जोर वाढवून त्या एका गोळीच्या वाट्याला आला होता. आणि दिवसभरात काय खाल्लंस या प्रश्नाला चहा हे उत्तर येतच नाही, कारण चहाला खाणं कोण म्हणतं? मीसुद्धा म्हणत नव्हते.

आता हे आजीला सांगायचं कसं? तिच्या मायेनेच पोरीचं रक्त अडवलं होतं. परसात लिंबाचं झाड होतं, भरलेलं. त्या लिंबांचा घरात एकच उपयोग, नजर काढायला. मला युक्ती सुचली आणि मी स्वतःवरच खूश झाले.

"आजी," मी गंभीर आवाजात म्हटलं, "मनीषाच्या रक्ताला नजर लागलीय. रोज गोळीबरोबर लिंबू पाण्यात पिळून दे. चहा नको. नजर उतरेल."

आजीने चुलीतलं लाकूड आत सारलं.

"बाय," ती म्हणाली, "मी म्हातारी हाय, येडी नाय. नजर अंगावरून काढतात, पोटातून नाय. सरळ बोल ना, माझा चा पोरीला बाधतो म्हणून."

मनीषा फस्सकन हसली. मी मात्र ओशाळून सगळं सरळ सांगितलं. लोह, चहा, दारातली अडवणूक, सगळं. आजीने पातेलं चुलीवरून उतरवलं. तिचे डोळे भरून आले होते. म्हणाली, "मी माझ्या हातानं देत होते." मी म्हटलं, "आजी, चहा दिलास, विष नाही दिलंस. वेळ चुकली, एवढंच." पण तिचं समाधान होईना. तिने चुलीकडे तोंड करून हात जोडले.

"पोरीच्या अंगावर वर्दी चढं तवर सकाळचा चा तोंडाला लावणार नाय. मानता."

मानता म्हणजे नवस. तलासरी-उंबरगावकडून आलेला गुजराती शब्द, पण आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी. मला भरून आलं. मी म्हटलं, धन्य आहेस आजी.

"आन तू पण," आजी म्हणाली.

"मी? मी कशाला?"

"सांगणारी तू. मंग एकटी म्हातारी का सोडंल?"

मी देवधर्मातली नाही. पण मनीषा माझ्याकडे बघत होती आणि चुलीपुढे नाही म्हणण्याची छाती मला झाली नाही. मनात म्हटलं, चार-सहा महिन्यांचा प्रश्न आहे. घेतली मानता.

पुढचे काही दिवस माझ्या नवऱ्याने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. त्याला साखरेचा आजार, आणि मी त्याच्या फरसाणावर पाळत ठेवणारी. आता त्याला सूड घ्यायची संधी मिळाली. सकाळी माझ्या नाकासमोर आलं किसायचा, कप हलवायचा, आणि म्हणायचा, "काय वास सुटलाय!" माझं डोकं असं ठणकायचं की बोलायची सोय नाही. आठवड्याभराने मात्र तो रानशेतची बस जाताना दिसली की हात जोडायला लागला. "त्या पोरीला वर्दी लवकर मिळू दे रे बाबा, सकाळी घरात वाघीण फिरते."

पण पाड्यांवर मात्र एक मजाच झाली. सकाळच्या फेरीत कुणी कप पुढे केला, की मी सांगायचे, "सकाळचा चहा सोडलाय, मानता आहे." आणि कुणाला राग येत नसे! तब्येतीसाठी चहा नको म्हटलं की अपमान. मानतेसाठी नको म्हटलं की मान. बाया लगेच सरकून जवळ बसायच्या. कुणासाठी मानता? काय झालं त्या पोरीला? मग मी मनीषाची गोष्ट सांगायचे. गोळी, काळा चहा, लिंबू. आजपर्यंत नुसतं सांगून जे कुणाच्या गळी उतरलं नव्हतं, ते या गोष्टीने उतरलं. वेवजीच्या मुली उंबरगावच्या कंपन्यांत कामाला जायच्या. एकदा त्यांची गाडी माझ्याजवळ थांबली आणि एकीने खिडकीतून ओरडून सांगितलं, "ताई, आमी डब्याबरोबर चहा बंद केला! पेरू खातो!" मला त्या दिवशी रस्त्यावर नाचावंसं वाटलं.

सगळीकडे असं झालं नाही, तेही सांगायला हवं. पावसाळ्यात वजन भरलेली मुलं भट्टीवरून परत यायची ती पुन्हा हडकुळी होऊन. तिथे ना मी, ना सविता, ना शेवगा. त्यांचे दंड मोजताना पट्टी धरवत नसे. ते शल्य अजून आहे.

मनीषाचं रक्त मात्र चढायला लागलं. दिवाळीच्या आधी सविता तपासणीचा कागद नाचवत आली. दहाच्या वर. डॉक्टरांनी हळूहळू धावायची परवानगी दिली. बाप एका सकाळी रस्त्याच्या कडेला उभा राहून बघत होता. पोरगी त्याच्यासमोरून गेली, वळणापर्यंत जाऊन परत आली, आणि बसली नाही. दिवाळीनंतर तो आणि बायको दोघंच भट्टीवर गेले.

पुढच्या भरतीत मनीषा आठशे मीटर न थांबता धावली, आणि लेखी परीक्षेत गणिताने तिला पाडलं. मी तिचं सांत्वन करायला गेले, खरं तर माझंच सांत्वन व्हायला हवं होतं. आजी शांतपणे म्हणाली, "मानता सुटली नाय." म्हणजे आणखी एक वर्ष. मनीषा गणिताच्या मागे लागली, लिंबूपाणी चालू राहिलं, नवरा आलं किसत राहिला.

त्याच्या पुढच्या भरतीत तिचं नाव लागलं. मी मिठाई घेऊन धावत गेले आणि मनात म्हटलं, आज चहा. आजीने पेढा तोंडात टाकला आणि म्हणाली, "नाव कागदावर लागलं. वर्दी कुठं हाय?" मग प्रशिक्षणाचे महिने. मी हात टेकले.

२०१९ च्या उन्हाळ्यात सविताचा फोन आला, मनीषा सुट्टीवर आलीय, ये. मी पहिल्या एसटीने गेले. अंगणात खाकी कपड्यातली पोरगी उभी होती, ताठ, गाल भरलेले. मला बघून सलाम ठोकला आणि मग पाया पडली. मला रडू आवरेना.

आजीने चुलीवर पातेलं चढवलं होतं. आम्हा तिघींसमोर भाकरी आणि जवळ्याची चटणी आली. मनीषाने एक घास खाल्ला आणि भरलेल्या कपाकडे हात नेला. आजीने त्या हातावर चापट मारली. "पोलीस तू तुझ्या ठाण्यात. आधी जेव. चा मंग."

जेवून आम्ही तिघी त्या पातेल्याकडे बघत बसलो. मी दोनदा घड्याळ पाहिलं. आजीने दोन्ही वेळा मान हलवली. अखेर तिने स्वतःच उठून चहा पुन्हा गरम केला आणि पहिला कप माझ्या हातात दिला.

"पयल्या दिशी तू चा नको बोललीस," ती म्हणाली, "तवा मला वाटलं, ही बाय आमच्या घरचं घेत नाय. मंग इतकी वरसं नको बोललीस, तवा कळलं, तू आमच्याच घरची."

मी कप तोंडाला लावला. साखर फार होती आणि पत्ती नेहमीसारखीच जास्त. सगळा प्यायले आणि कप पुन्हा पुढे केला.